अंश कंपनीचा, छेद आपला : दोन क्रूझ जहाजांची तुलना

नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या अल्पशा काळात मुंबईकरांपुढे एक निवड आली होती. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा देशांतर्गत सहलींसाठी दोन मोठी प्रवासी जहाजे उपलब्ध होती. पहिले कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’. ते सप्टेंबर २०२१ पासून भारतात फिरत होते. दुसरे इटलीच्या कोस्टा कंपनीचे ‘कोस्टा सेरेना’, खास त्या हंगामापुरते आलेले. हंगाम संपला आणि सेरेना निघून गेली. तरी ती जोडी विवेचनाला सोयीची आहे, कारण दोघींत सारखेपणा फारसा नाही. एक १९९० सालची, दुसरी २००७ ची. एक २११ मीटर लांब, दुसरी २९० मीटर. इतकी तफावत असली की निकाल सोपा वाटतो : मोठे आणि नवे ते चांगले. हा निकाल कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो आणि कोणत्या परिस्थितीत कोसळतो, तेच येथे पाहायचे आहे.

जहाज कंपनी माहितीपत्रकात जे आकडे छापते ते बहुतेक सगळे अंशस्थानी बसणारे असतात. एवढे टनेज, एवढे मजले, एवढी उपाहारगृहे, एवढी बंदरे. भागाकारातला छेद तिथे नसतो. तो म्हणजे माणसे किती, तास किती, हाताखाली कर्मचारी किती. मंगल कार्यालय ठरवताना हॉल केवढा एवढे विचारून कोणी थांबत नाही. पाने किती उठणार हेही विचारतो. जहाजाच्या बाबतीत मात्र आपली मती पहिल्याच प्रश्नाशी अडते, कारण ते अवाढव्य असते आणि फोटोत आणखी अवाढव्य दिसते.

टनेज : वजन नव्हे, आकारमान

सेरेना मुंबईत आली तेव्हा ‘एक लाख चौदा हजार टन वजनाचे जहाज’ असे वर्णन सर्रास ऐकू येई. ते चुकीचे आहे. ग्रॉस टनेज हे वजन नसते. जहाजातली बंदिस्त जागा किती, याच्यावरून काढलेला तो एक एककहीन आकडा आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय टनेज कराराने त्याचे सूत्र ठरवले आणि १९८२ पासून ते अमलात आले. बंदिस्त जागेचे घनमीटर घ्यायचे आणि त्यांना एका गुणकाने गुणायचे. हा गुणक स्थिर नसतो. जागा वाढेल तसा तोही किंचित वाढतो : ०.२ अधिक ०.०२ गुणिले त्या आकारमानाचा दहा पायाचा लॉगॅरिदम. थोडक्यात, मोठ्या जहाजाचा आकडा त्याच्या खऱ्या जागेपेक्षा जरा जास्तच फुगलेला असतो.

एम्प्रेसचे टनेज सुमारे ४८,५०० आणि सेरेनाचे सुमारे १,१४,०००. सूत्र उलटे चालवले तर एम्प्रेसमध्ये साधारण १ लाख ६० हजार घनमीटर बंदिस्त जागा निघते, सेरेनामध्ये ३ लाख ६६ हजार. आता छेद घालू. एम्प्रेसवर प्रत्येक खोलीत दोघे धरले तर सुमारे १,६०० प्रवासी, म्हणजे माणशी शंभर घनमीटर. सेरेनावर १,५०० खोल्या, दोघे धरून ३,००० प्रवासी, म्हणजे माणशी १२२. या व्यवसायात घनमीटर कोणी काढत बसत नाही. टनेजला थेट प्रवासीसंख्येने भागतात. त्या हिशोबाने एम्प्रेस ३० आणि सेरेना ३८. दोन्ही रीतींनी सेरेना ऐसपैस ठरते. ढोबळ मानाने तिशीच्या आसपास गर्दी जाणवू लागते, चाळिशीच्या पुढे मोकळे वाटते.

पण हा छेद कोणत्या दिवसाचा? ‘खोलीत दोघे’ हा हिशोब पाश्चात्त्य जोडप्यांच्या सहलींवरून रूढ झाला. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळात आईवडील आणि दोन मुले एकाच खोलीत मावतात, तिसरा आणि चौथा बर्थ भिंतीतून खाली येतो. त्या बर्थचे भाडे कमी असल्याने तो भरतोही लवकर. पूर्ण भरलेल्या सेरेनाची क्षमता ३,७८०. एक लाख चौदा हजाराला ३,७८० ने भागा : ३०. हा आकडा आपण नुकताच पाहिला. खोलीत दोघेच असलेल्या एम्प्रेसचाही तोच होता. घनमीटरच्या हिशोबात तर सेरेना माणशी ९७ वर येते, एम्प्रेसच्या शंभराच्याही खाली.

म्हणजे दिवाळीतली सेरेना आणि जानेवारीच्या मधल्या आठवड्यातली, खोलीत दोघांनीच भरलेली एम्प्रेस, या गर्दीच्या मापाने एकसारख्या. उलट एम्प्रेसही पूर्ण भरली, १,८०० च्या वर माणसे चढली, की तिचा आकडा सव्वीसपर्यंत घसरतो. तुलना जहाजांची करतो असे आपल्याला वाटत असते. वस्तुतः तुलना दोन तारखांची असते. शाळांना सुट्टी आहे की नाही, हा प्रश्न जहाज कोणत्या साली बांधले या प्रश्नाच्या आधी विचारायला हवा.

या मापातही त्रुटी आहेत, त्या लपवू नयेत. बंदिस्त जागेत इंजिनघर येते, स्वयंपाकघर येते, खलाशांच्या खोल्या येतात. त्यांतले घनमीटर प्रवाशाच्या वाट्याला येत नाहीत. उघडे डेक मात्र मोजणीतच धरत नाहीत, आणि संध्याकाळी माणसे तिथेच असतात. दोन्ही जहाजांच्या मध्यभागी नऊ मजली उंच पोकळी आहे. टनेजमध्ये ती भरघोस जमा होते, पण तिच्या हवेत कोणी खुर्ची टाकून बसत नाही. म्हणून दोन गुणोत्तरांत दोन-तीनचा फरक असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. आठाचा फरक असेल तर लक्ष द्यावे.

कर्मचाऱ्यांचा भागाकार वेगळी गोष्ट सांगतो. सेरेनावर साधारण १,१०० कर्मचारी, म्हणजे खोलीत दोघे धरता २.७ प्रवाशांमागे एक. एम्प्रेसची मूळ रचना सुमारे ६७० कर्मचाऱ्यांसाठी होती, म्हणजे २.४ प्रवाशांमागे एक. इथे लहान आणि जुने जहाज सरस ठरते. जहाज भरल्यावर तर फरक रुंदावतो, कारण सेरेनावर जादा बर्थ प्रमाणाने अधिक आहेत आणि जादा बर्थबरोबर जादा वाढपी येत नाहीत. मात्र हे प्रमाण मालक बदलला की बदलते. टनेज पोलादात कोरलेले असते, कर्मचारीसंख्या दर हंगामाच्या पगारपत्रकात ठरते. त्यामुळे हा आकडा चालू वर्षाचाच विचारावा.

काही ठिकाणी भागाकार पूर्ण बाजूला ठेवून कच्ची संख्याच पाहावी लागते. धक्क्यावरची सुरक्षा तपासणी, सामानाची रांग, बंदरावर उतरताना लिफ्टपुढची झुंबड : जहाज कितीही ऐसपैस असले तरी तीन हजार माणसे तीन हजारच राहतात आणि धक्का एकच असतो. लक्षद्वीपला तर हे फारच जाणवते. तिथली बेटे प्रवाळाच्या कड्याने वेढलेली. मोठे जहाज कड्याबाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. कोकणच्या आगबोटींच्या काळात बंदराबंदरांवर पडाव येत, तोच प्रकार. लहान बोटींची संख्या दोन्ही जहाजांसाठी तीच असेल, तर दुप्पट प्रवाशांच्या जहाजाला किनारा निम्माच मिळतो. समुद्र जरा खवळला की हा कार्यक्रम रद्दही होतो. म्हणून लक्षद्वीपसाठी निवड करायची तर कमी प्रवाशांच्या जहाजाकडे मी झुकेन. गोव्यासाठी मला फरक पडणार नाही, कारण मुरगावला जहाज धक्क्यालाच लागते.

बोट लागण्याचे गणित

‘मोठे जहाज हलत नाही’ ही दुसरी लोकप्रिय समजूत. तिच्यात तथ्य आहे, पण ते लाटेच्या लांबीवर अवलंबून आहे आणि लाटेची लांबी काढता येते. खोल पाण्यात एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर, मीटरमध्ये, साधारण १.५६ गुणिले कालावधीचा वर्ग इतके असते. दोन माथे सहा सेकंदांनी येत असतील तर अंतर ५६ मीटर. आठ सेकंदांना १००. बारा सेकंदांना २२५. चौदा सेकंदांना ३०६.

नाळ आणि मागचे टोक आलटूनपालटून वरखाली होणे, हे झोके सर्वांत जोरात केव्हा बसतात? लाटेची लांबी जहाजाच्या लांबीच्या आसपास आली की. लाट फार आखूड असेल तर जहाज एकाच वेळी तीन-चार माथ्यांवर टेकलेले असते आणि हलत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबई ते गोवा या पट्ट्यात समुद्र बहुधा शांत असतो, लाटा आखूड असतात. ५० ते १०० मीटरच्या लाटेपुढे २११ मीटरची एम्प्रेस आणि २९० मीटरची सेरेना, दोघीही सारख्याच स्थिर. या हंगामात जास्त लांबीसाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे पावसाळा नसताना छत्री विकत घेणे नव्हे, तर दोन छत्र्या घेणे आहे.

बारा सेकंदांची लाट आली की चित्र पालटते. २२५ मीटर म्हणजे जवळजवळ नेमकी एम्प्रेसची लांबी. तिथे सेरेनाला खराखुरा फायदा आहे. चौदा सेकंदांना मात्र पाळी सेरेनाची. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघालेल्या अशा लांब लाटा हजारो किलोमीटर चालून केरळच्या किनाऱ्यावर येतात. तिकडे त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. आकाश निरभ्र असताना समुद्र घरात शिरतो तो यांच्यामुळे. अर्थात लाट लांब असून उंचीने बेताची असेल तर जहाज हळुवार वरखाली होते, पोटात ढवळत नाही. लांबी आणि उंची दोन्ही हव्यात. हैदराबादचे ‘इन्कॉईस’ हे केंद्र भारतीय समुद्रासाठी लाटांची उंची आणि कालावधी या दोहोंचा अंदाज नियमित प्रसिद्ध करते. तिकीट काढताना त्याचा उपयोग नाही, पण निघण्याआधी चार दिवस गोळ्या घ्यायच्या की नाहीत हे ठरवायला आहे.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र प्रवासी जहाजांच्या कामाचा नसतो. कॉर्डेलियानेही पावसाळ्यात एम्प्रेस चेन्नईला हलवून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवतात, त्यामागचे शास्त्र हेच. म्हणून एकच जहाज मुंबईहून डिसेंबरात आणि चेन्नईहून जुलैत घेतले तर ते दोन निराळे अनुभव धरावेत.

आता जहाजाच्या आत शिरू. जहाज मध्यबिंदूभोवती झुलते असे धरले तर एक डिग्रीच्या झोक्यात मध्यापासून ९० मीटर पुढची खोली दीड मीटरहून थोडी अधिक वर जाते आणि तेवढीच खाली येते. १२० मीटर पुढची खोली दोन मीटरहून अधिक. मध्याजवळची, दहा मीटरवरची खोली जेमतेम सतरा सेंटिमीटर. सेरेना लांब असल्याने एरवी कमी डिग्रीने झुलेल हे खरे, पण तिच्या नाळेजवळची खोली मध्यापासून लांबही आहे. तेव्हा मोठ्या जहाजाच्या टोकाची खोली घेणाऱ्याला लहान जहाजाच्या मधल्या, खालच्या मजल्यावरच्या खोलीतल्या माणसापेक्षा जास्त त्रास होऊ शकतो. ज्याला घाटात गाडी लागते त्याने जहाज निवडण्यात आठवडा घालवू नये. जहाजाचा नकाशा उघडून खोली निवडण्यात घालवावा. ‘खोली आम्ही ठरवू’ अशा अटीचे स्वस्त तिकीट त्याच्यासाठी नाही.

बाजूला कलंडण्याचा प्रश्न वेगळा. त्यासाठी जहाजाच्या पोटाशी दोन्ही अंगांना पंखांसारखी स्थिरके असतात. ती पाण्याच्या वेगावर काम करतात. त्यामुळे जहाज चालत असताना उपयोगी, नांगरावर थांबले की जवळजवळ निरुपयोगी.

वय, नाव आणि बारसे

एम्प्रेस १९९० साली फ्रान्सच्या सेंट-नाझेर येथून बाहेर पडली ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून. २००४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, मग स्पेनच्या पुलमांतूरकडे ‘एम्प्रेस’, २०१६ ला परत रॉयल कॅरिबियनकडे जुन्या नावाने, आणि शेवटी भारतात. एवढी बारशी झालेल्या जहाजाबद्दल माणूस साशंक होतो. पण तिच्या जन्मकथेतली एक गोष्ट नावांहून महत्त्वाची आहे. रॉयल कॅरिबियनने खास तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी बांधून घेतलेले ते पहिले जहाज. मायामीहून बहामाला जाऊन यायचे, बस्स. म्हणून तिच्या खोल्या लहान, कपाटे त्याहून लहान, आणि माणसांनी खोलीबाहेरच राहावे अशी सारी मांडणी. मुंबई–गोवा–मुंबई या दोन रात्रींच्या फेरीला हा दोष नाही. त्या रचनेचा तो हेतूच होता. त्याच खोलीत पाच रात्री काढायच्या झाल्या तर मात्र ओले टॉवेल आणि चार बॅगा यांतून वाट काढावी लागते.

सेरेना हे आठवडाभराच्या सफरींचे जहाज. पोहण्याचे तलाव, सरकत्या छताचा भाग, सुमारे सहा हजार चौरस मीटरचे म्हणून जाहिरात झालेले स्पा, आणि ग्रीक-रोमन देवदेवतांची इतकी झगमगीत सजावट की पहिल्या दिवशी हसू येते आणि तिसऱ्या दिवशी डोळे सरावतात. दोन रात्रींत हे सगळे पाहूनही होत नाही. जे वापरायला वेळच नाही त्याचे भाडे का भरायचे, हा प्रश्न रास्त आहे.

बाल्कनीच्या खोल्यांबाबत असाच एक सापळा. सेरेनाच्या १,५०० खोल्यांपैकी पाचशेहून अधिकांना बाल्कनी आहे. एम्प्रेसवर त्या मोजक्याच, कारण १९९० साली बाल्कनी ही चैन होती. त्यामुळे ‘इकडची बाल्कनी’ आणि ‘तिकडची बाल्कनी’ यांच्या भाड्यांची तुलना अर्थहीन ठरते. एकीकडे तो मधला वर्ग, दुसरीकडे जवळजवळ सर्वांत वरचा.

वयाला खरा अर्थ येतो तो नियमांमुळे. जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, सोलास, वेळोवेळी कडक होत गेला, पण त्याचे सारेच नियम जुन्या जहाजांना लागू होत नाहीत. एक मोठा टप्पा १ जुलै २०१० चा. त्यानंतर कणा घातलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना ‘सेफ रिटर्न टू पोर्ट’ ही अट लागली : एका विभागात आग लागली किंवा एका कप्प्यात पाणी शिरले तरी ठरावीक मर्यादेपर्यंत जहाज स्वतःच्या बळावर बंदर गाठू शकले पाहिजे. २००७ ची सेरेना आणि १९९० ची एम्प्रेस, दोघीही या रेषेच्या अलीकडच्या. सतरा वर्षांचे अंतर असूनही या एका कसोटीवर दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत. ‘नवे’ म्हणताना कोणत्या रेषेच्या पलीकडचे, हे विचारायचे ते यासाठी.

सेरेनाविषयी शोध घेणाऱ्याला एक नाव हमखास भेटते : कोस्टा कॉन्कॉर्डिया. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून ती कलंडली, ३२ जण गेले. सेरेना तिची सख्खी बहीण, त्याच आराखड्याची. यावरून सेरेना धोकादायक असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही. ते जहाज बेटाच्या नको इतके जवळ नेले गेले होते, आणि कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तिनो याला १६ वर्षांची शिक्षा झाली. मात्र त्या अपघाताने आराखड्याबाहेरची एक त्रुटी उघडी पाडली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या प्रवाशांची आपत्कालीन कवायत अजून झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाने ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. भोंगा वाजल्यावर प्रवाशांना सेल्फीतून बाहेर काढून नेमलेल्या जागी उभे करतात की नुसती सही घेऊन सोडतात, यावरून कंपनीची शिस्त कळते. ज्याने आधी त्या जहाजाने प्रवास केला असेल त्याला हे विचारावे, जेवणाबद्दल नंतर.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भारतीय प्रवाशांसाठी निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. जैन जेवण आधी कळवावे लागते, एवढेच. स्वच्छता मात्र निराळी बाब. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथले सरकारी आरोग्य खाते अचानक तपासणी करते, शंभरपैकी गुण देते, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. अमेरिकेला जाणारे जहाज निवडताना हे गुण अवश्य पाहावेत. पण जहाज विकले गेले, स्वयंपाकघरातली माणसे बदलली, की जुने गुणपत्रक शोभेपुरते उरते. स्वच्छ असतात ते हात, जहाजाचा सांगाडा नव्हे.

तास आणि रुपये

‘दोन रात्री, तीन दिवस’ या मजकुराची फोड करू. समजा जहाजावर पाय ठेवला पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला आणि उतरलो तिसऱ्या दिवशी सकाळी आठला. झाले ३९ तास. झोपेचे चौदा वजा केले की जागेपणाचे २५. तीन रात्रींच्या फेरीत त्याच वेळा धरल्या तर ६३ तास, झोप वजा जाता ४२. रात्री वाढल्या दीडपट, जागेपणाचे तास वाढले जवळजवळ पावणेदोन पट. म्हणून ‘दर रात्री इतके रुपये’ या मापाने लहान सहल नेहमी जितकी स्वस्त दिसते तितकी ती नसते. छेद रात्रींचा न घेता जागेपणाच्या तासांचा घ्यावा. चढण्याची वेळ पाचऐवजी दुपारी दोनची मिळाली तर दोन रात्रींच्या सहलीत बारा टक्के तास फुकट वाढतात. मोठ्या जहाजावर चढण्याच्या वेळा टप्प्याटप्प्याने वाटतात. वेब चेक-इन लवकर करणाऱ्याला पहिला टप्पा मिळतो.

बंदरावरच्या वेळेचेही तसेच. मुरगावला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असे छापलेले असेल तर ते आठ तास जहाजाचे, आपले नव्हेत. उतरायला लागणारा वेळ, पणजीपर्यंतचे तीसेक किलोमीटर, परतीचा तेवढाच रस्ता, सुटण्याआधी तासभर चढून बसायची अट. हाती पाच तास लागले तर नशीब. मंगेशी-म्हार्दोळ करून, वाटेत जेवून परतायला तेवढे पुरतात. उत्तर गोव्याचा किनारा त्यात बसवू नये. ज्याला गोवाच पाहायचा आहे त्याने रेल्वेने जावे, जहाजाने जाऊ नये. जहाजाच्या सहलीत गोवा हे निमित्त असते.

भाड्याच्या छापील आकड्यात काय धरलेले नाही याची यादी करण्यापेक्षा एक सोपी रीत आहे. दोन्ही जहाजांची आरक्षणे संकेतस्थळावर शेवटच्या पानापर्यंत, पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत, त्याच तारखांच्या आसपास आणि त्याच माणसांसाठी न्यावीत. बंदरशुल्क, सेवाशुल्क, जीएसटी तिथे आपोआप उघडे पडतात. त्यात पेये, वायफाय आणि बंदरावरची सहल आपल्या सवयीप्रमाणे मिळवावी. मग येणाऱ्या बेरजेला माणसांच्या जागेपणाच्या एकूण तासांनी भागावे. एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांच्या खोलीचा मोठा वाटा एकट्याने उचलावा लागतो. तीन-चार जणांच्या कुटुंबाला तिसऱ्या-चौथ्या बर्थमुळे सरासरी खाली येते. त्यामुळे शेजाऱ्याला जे जहाज स्वस्त पडले ते आपल्याला पडेलच असे नाही.

ही रीत लवकरच पुन्हा लागेल. कॉर्डेलियाने ‘नॉर्वेजियन स्काय’ हे जहाज भारतीय फेऱ्यांसाठी घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. योगायोग असा की या जहाजाचा सांगाडा जर्मनीत कोस्टा कंपनीसाठीच घातला गेला होता. गोदी दिवाळखोरीत निघाली आणि १९९९ मध्ये ते दुसऱ्याच मालकासाठी पुरे झाले. टनेज सुमारे ७७,०००, खोलीत दोघे धरून सुमारे २,००० प्रवासी. भागाकार ३८, म्हणजे सेरेनाइतकाच. एम्प्रेसवर तो आठाने सरस आहे, तेव्हा फरक खरा आहे. ‘सेफ रिटर्न टू पोर्ट’च्या रेषेच्या अलीकडे तेही आहेच. राहता राहिले प्रश्न तारीख आणि खोलीचे. निवडलेल्या तारखेला तिसरे-चौथे बर्थ विक्रीला खुले आहेत का, हे आरक्षणाच्या पानावर चार माणसे टाकून पाहिले की लगेच समजते. मधल्या भागातल्या खोल्या लवकर संपतात. आणि लक्षद्वीपची फेरी घेणार असाल तर हवामानामुळे बेट गाळले गेले तर किती पैसे परत मिळतात, ते कलम पैसे भरण्याआधी वाचावे. बहुतेक कंपन्या अशा वेळी बंदरशुल्काएवढीच रक्कम परत देतात आणि मार्ग बदलण्याचा हक्क स्वतःकडे ठेवतात.